शिकाऊ उमेदवारांचा पहिला महिना



१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने मालकांवर विद्यावेतनाचे बंधन घातले. २०२४ साली राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेने बारावी झालेल्यास दरमहा ६,०००, आयटीआय वा पदविका घेतलेल्यास ८,००० व पदवीधरास १०,००० रुपये देऊ केले. हे स्तुत्यच होय. परंतु विद्यावेतन महिना भरल्यावर हाती येते. पितृछत्र हरपलेल्या खेड्यातील मुलाने तोवर शहरात खोली व खानावळ कशी भागवावी? आम्ही शिकविलेली अशी मुले याच अडचणीपायी गावी परतली आहेत. सरकारचा हात जेथे पोहोचत नाही, तेथे ज्ञातीचा पोहोचावा. शहरातील प्रत्येक कुटुंबाने अशा एका मुलास महिनाभर, उपकार म्हणून नव्हे, घरचाच समजून आपल्या पंक्तीस बसवावे, एवढीच आमची विनंती आहे.