शिसं, शिरोली आणि सरांचा तराजू
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी सांगितलं, निवृत्तीनंतर काय करतोस त्यावर पाच मिनिटं बोल. पाच मिनिटांत जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या आधी बोलले त्यांत कुणी डॉक्टर, कुणी तहसीलदार. मी शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत सदतीस वर्षं काढली. १९८७ ला मोल्डिंगवर लागलो आणि २०२४ च्या उन्हाळ्यात क्वालिटीतून बाहेर पडलो. पंचगंगेचा पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. वाळू, धूर आणि रिजेक्शनची भांडणं. त्यावर भाषण होत नाही.

भाषण करण्यासारखं जे घडलं ते नोकरी सोडल्यावर.

१ ऑगस्ट २०२४ ला आपल्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. ४५१.४ गुण. त्या दिवशी कोल्हापुरात फटाके वाजले ते तुम्ही ऐकलेच. तसं नेमबाजी आपल्याला नवी नाही. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये जगज्जेती झाली, राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं. पण आमच्या घरात नेमबाजी शिरली ती स्वप्नीलच्या पदकानंतर. माझी पुतणी, आठवीतली, हट्टाला पेटली की मला रायफल शिकायची. तिचा बाप दिवसभर दुकानात. मी रिकामा. मग सकाळी तिला रेंजवर सोडायचं आणि तिचं होईपर्यंत बाकावर बसायचं, हे माझं काम झालं.

त्या बाकावर माझ्यासारखेच पाच-सहा जण असत. कुणाचा मुलगा, कुणाची नात आत सराव करायची आणि हे बाहेर बसून छर्रे तोलायचे. खरंच तोलायचे. दहा मीटर एअर रायफलचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, वजन साधारण अर्धा ग्रॅम. आकार शंकराच्या डमरूसारखा, पुढं सपाट, मध्ये बारीक, मागं पातळ झालर. एका डबीत पाचशे. हे लोक छोट्या डिजिटल काट्यावर एकेक ठेवून वेगवेगळ्या खणांत टाकायचे. का, तर त्या कागदावरच्या दहा गुणांच्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो. पेनाचं टोक टेकवल्यासारखा. मी आयुष्यभर कास्टिंगच्या मापात अर्धा मिलिमीटर सोडून देत आलो, आणि इथं अर्धा मिलिमीटर म्हणजे सगळं निशाण!

मला तो बाक आवडला. पण डबीची किंमत ऐकली आणि माझ्यातला फौंड्रीवाला जागा झाला. अर्धा ग्रॅम शिसं! शिसं वितळतं ३२७ अंशाला. चौदाशे अंशाचं लोखंड ओतणाऱ्या माणसाला ३२७ म्हणजे चहा. आणि हे आमच्या घराण्यात होतंच. आजोबांकडं पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, डुकरं हाकायला. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि आजोबा दोन महिने शिवारात नुसते ओरडत फिरायचे. त्यांचा गोळ्या ओतायचा चिमट्यासारखा साचा मी लहानपणी खेळायला घ्यायचो. अमेरिकेत तर लोक हौसेनं घरी गोळ्या ओततात, झाडलेल्या पुंगळ्या उचलून पुन्हा भरतात, त्यांचे मेळावे भरतात, हे मी मोबाईलवर पाहिलं होतं. म्हटलं, आपण काय कमी आहोत?

इथं आपल्या वर्गातला एक आरोपी आहे. नाव घेत नाही, तो तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय. त्याच्या वडिलांचा छापखाना होता. आपल्या शाळेच्या प्रश्नपत्रिका तिथंच छापल्या जायच्या आणि आपण त्याला सहामाहीच्या आधी फुकट मिसळ खाऊ घालायचो, कशासाठी ते बाईंनी विचारू नये. ऑफसेट आलं, छापखाना बंद पडला, खिळ्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. खिळे म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी. अँटिमनीमुळं धातू थंड होताना फारसा आटत नाही, म्हणून अक्षराची कड धारदार उतरते. छर्र्याला याहून चांगलं काय मिळणार, असा माझा हिशेब. त्यानं मला पिशवीभर खिळे दिले. मी घरामागच्या पडवीत जुन्या गॅसवर ते वितळवले. 'क', 'म', वेलांट्या, काने, सगळ्यांचा एकच चकचकीत रस झाला. जरा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

टूलरूममधल्या मित्रानं साचा करून दिला. महिनाभर रोज दुपारी ओतत बसलो. झालर काही भरेना. कधी अर्धी, कधी भोक. जे भरले ते तोलले तर एकाचं वजन दुसऱ्याशी जुळेना. शेवटी त्यातले बरे वीस निवडून रुमालात बांधले आणि मोठ्या तोऱ्यात बाकावर नेऊन ठेवले.

बाकावरचे सगळ्यात वयस्कर एक आण्णा आहेत, उद्यमनगरात डायमेकर होते. त्यांनी एक छर्रा नखावर घेतला, फिरवला आणि म्हणाले, "बाळ, हे ओतत नसतात गा. शिशाची तार घेऊन डायमध्ये दाबतात." सदतीस वर्षं ओतकाम केलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. शिवाय खिळ्यांचं मिश्रण कडक, आणि छर्रा मऊच लागतो, नळीतल्या आट्यांत बसायला. पुंगळ्या भरायचा विषय मी काढायच्या आतच त्यांनी मोडून काढला. १९५९ चा शस्त्र अधिनियम आहे, परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, बाकावर ही गोष्ट पुन्हा नको. आणि स्वप्नीलच्या .२२ रायफलचं काडतूस तसंही पुन्हा भरता येत नाही, कारण त्याचा पेटणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. एकदा कड चेपली की संपलं. म्हणून मोठे नेमबाज भरत बसत नाहीत, निवडतात. रायफल शिकंज्यात आवळून वेगवेगळ्या लॉटची काडतुसं झाडून बघतात आणि जो लॉट आपल्या नळीला मानवतो तो उचलतात. हे ऐकून मी तरी गार झालो.

सगळे हसत होते. एकट्या एक बाई हसल्या नाहीत. त्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होत्या. त्यांनी विचारलं, "ओतता कुठं?"

"मागच्या पडवीत."

"वरची मळी काढून कुठं टाकता?"

"तिथंच, भिंतीकडेला."

"घरात लहान मूल आहे?"

माझा नातू तेव्हा अडीच वर्षांचा होता. दुपारी झोपेतून उठला की तो थेट पडवीत यायचा, भिंतीकडेच्या मातीत गाडी फिरवायचा आणि मग तीच गाडी तोंडात.

वितळलेल्या शिशाच्या वाफेची मला थोडीफार माहिती होती, म्हणून पडवीत पंखा लावला होता. पण खरा धोका त्या करड्या भुकटीत असतो, ती हाताला, कपड्याला, मातीला चिकटते, हे मला माहीत नव्हतं. फौंड्रीत आम्ही स्लॅग फावड्यानं ओढून टाकायचो. तीच सवय घरी आणली होती.

दुसऱ्या दिवशी दोघांचंही रक्त तपासायला दिलं. सुनेला सांगितलं, नुसती नेहमीची तपासणी आहे. चार दिवसांनी रिपोर्ट आला. माझं १९, त्याचं ११. मायक्रोग्रॅम, एक डेसिलिटर रक्तात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाचच्या वर गेलं की शिसं कुठून येतंय ते शोधा, आणि निर्धोक असा आकडाच नाही.

सर, आता तुमच्याविषयी. नववीत प्रयोगशाळेत तराजूचा प्रयोग होता. माझं वाचन पुस्तकातल्या उत्तराशी जुळत नव्हतं म्हणून मी शेजाऱ्याचं बघून आकडा बदलला होता. तुम्ही मारलं नाही. तुम्ही वही उघडून समोर ठेवलीत आणि म्हणालात, जे दिसलं ते लिही. मी तो रिपोर्ट घेऊन दवाखान्याच्या पायरीवर अर्धा तास बसलो होतो. खिशात कागद होता आणि डोक्यात एकच विचार, की माती बदलू, पडवी धुऊ, सांगायची काय गरज आहे. मला ती वही आठवली, असं म्हणालो तर भाषणासाठी रचलंय असं वाटेल. पण आठवली.

घरी जाऊन मुलाला आणि सुनेला कागद दाखवला. मुलगा ओरडला. सून काहीच बोलली नाही. आठ दिवस बोलली नाही. ताट वाढायची, पाणी ठेवायची, पोराला माझ्या मांडीवरून उचलून न्यायची. त्या आठ दिवसांपेक्षा तिनं चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर म्हणाले, या आकड्याला औषध देत नाहीत. शिसं येण्याची वाट बंद करा, लोह आणि कॅल्शियम मिळेल असं खायला द्या. बाकावरची मंडळी रविवारी घरी आली. आण्णांसकट. पडवीतली वरची वीतभर माती काढली, फरशी ओल्या फडक्यानं पुसली, कोरडा झाडू लावू दिला नाही. मोबदला म्हणून सुनेच्या हातचे पोहे, तेही साबणानं हात धुतल्यावर. त्या दिवशी ती माझ्याशी पहिल्यांदा बोलली. म्हणाली, "बाबा, नखं कापा."

तीन महिन्यांनी नातवाचा आकडा सहावर आला, त्यानंतर चारावर. माझा अजून नऊ आहे. नातू बोलतो चांगला, खोड्या त्याहून चांगल्या करतो. तरी तो एखादा शब्द अडखळला की माझं लक्ष तिथं जातं. ते जाणारच.

ओतणं बंद आहे. बाकावर मात्र रोज असतो. मला आता काटा सांभाळायचं काम दिलंय. पाचशे छर्रे तोलायला दीड तास लागतो. त्यानं गुण किती वाढतात यावर बाकावर रोज वाद होतो. आण्णा म्हणतात काही वाढत नाहीत, कंपनीचा चांगला छर्रा दहा मीटरला पुरेसा असतो. मलाही आता तसंच वाटतं. पण पुतणी मी तोललेलेच छर्रे मागते, म्हणून तोलतो. वहीत जे दिसेल ते लिहितो.

तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, पिशवीतले सगळे खिळे मी वितळवले नव्हते. पाव किलोभर उरलेत. त्यात तुझ्या वडिलांनी आपल्या निरोप समारंभाच्या कार्डाला वापरलेलं मोठं 'श्री' आहे. बरणीत घालून झाकण पक्कं लावून आणलंय. घेऊन जा. उघडलंस तर हात धू.