संमोहन : शक्ती कोणाची?



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला दोन प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. पहिला भगिनींचा : संमोहनाने घरातल्या माणसाची दारू सुटते काय? दुसरा तरुण कार्यकर्त्यांचा : संमोहन म्हणजे मोहिनी घालणे, वशीकरण, अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या आपल्या व्यासपीठावर हा विषय कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत आणि दोन्हींचे उत्तर एकाच मुद्द्यापाशी येऊन थांबते. संमोहनात जी शक्ती काम करते ती कोणाची? करणाऱ्याची की ज्याच्यावर ते केले जाते त्याची?

अठराव्या शतकात पॅरिस शहरात याच मुद्द्यावर मोठी खळबळ उडाली होती. फ्रान्झ मेस्मर नावाचा डॉक्टर तेथे उपचार करीत असे. विश्वात एक अदृश्य चुंबकीय प्रवाह भरलेला आहे आणि तो आपण रोग्याच्या शरीरात वळवतो, असा त्याचा दावा होता. रोगी थरथरत, किंचाळत, मूर्च्छित पडत आणि पुष्कळांना नंतर बरेही वाटे. आपल्याकडे अंगात येते, त्याच जातीचा हा प्रकार. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने चौकशी समिती नेमली. तीत बेंजामिन फ्रँकलिन आणि थोर रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. समितीने एक साधी युक्ती केली. बागेतल्या एका झाडात ही चुंबकशक्ती 'भरायला' लावली आणि एका मुलाला डोळे बांधून बागेत आणले. तो मुलगा भलत्याच झाडाशी मूर्च्छित पडला! प्रवाह वगैरे काही नाही, हे कल्पनेचे काम आहे, असा निर्णय समितीने दिला. बुवाबाजी कशी तपासावी याचा हा उत्तम धडा आहे. आमचे म्हणणे आहे, की तो शाळेच्या पुस्तकात असायला हवा.

पण केवळ कल्पनेने माणूस मूर्च्छित पडत असेल, तर त्याच वाटेने त्याचे भले का करता येऊ नये? समितीने हा प्रश्न तसाच सोडला. त्याला नेटाने हात घालणाऱ्यांत एक आपल्या शेजारचा, गोमंतकातला माणूस होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते.

त्याचे नाव जोसे कुस्तोदियो द फारिया. जग त्याला आबे फारिया म्हणते. जन्म १७५६, गाव बारदेशातले कांदोळी. लहानपणी तो वडिलांबरोबर पोर्तुगालला गेला, रोममध्ये शिकून पाद्री झाला आणि पुढे पॅरिसला राहिला. त्याच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. राणीसमोर प्रवचन द्यायला तो उभा राहिला आणि समोरचे बडे लोक पाहून त्याची वाचाच बसली. तेव्हा वडील खालून कोकणीत पुटपुटले, की ही सगळी भाजी आहे, काप तू. भीती पळाली आणि तो घडाघडा बोलू लागला. खरीखोटी कोण सांगणार! पण घाबरलेल्या माणसाला त्याच्या मायबोलीत मिळालेला एक शब्द काय करू शकतो, याचे याहून सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

१८१३ पासून फारियाने पॅरिसमध्ये लोकांपुढे प्रयोग सुरू केले. त्याच्याकडे ना चुंबक, ना मंत्र. समोरच्याला तो खुर्चीत बसवी, डोळे मिटून झोपेवर मन लावायला सांगे आणि मग मोठ्याने म्हणे, "झोपा!" काही जण लगेच त्या अवस्थेत जात, काही जात नसत. जात नसत त्यांच्यावर तो जबरदस्ती करीत नसे. कारण त्याचे सांगणे स्पष्ट होते : माझ्याकडे कोणतीही शक्ती नाही, जे घडते ते तुमच्याच मनात घडते. लोकांना मात्र चमत्कार हवा होता. एका नाटकात त्याची टर उडवली गेली, त्याचे नाव खाली गेले आणि १८१९ साली तो वारला. त्याच वर्षी त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी १९४५ पासून त्याचा पुतळा आहे. फारिया हात पसरून उभा, समोर एक स्त्री मागे कलंडलेली. पाहणाऱ्याला वाटते, शक्ती त्याच्या बोटांतून बाहेर पडते आहे. त्याने सांगितले होते ते नेमके याच्या उलट.

पुढचा इतिहास थोडक्यात. मँचेस्टरचे सर्जन जेम्स ब्रेड यांनी १८४३ साली या अवस्थेला ग्रीक भाषेतल्या 'झोप' या शब्दावरून नाव दिले. पण ही नेहमीची झोप नव्हे, हे त्यांनाही नंतर उमगले. आपल्या देशात, बंगालमधील हुगळी येथे, डॉ. जेम्स एस्डेल यांनी १८४५ साली भुलीच्या औषधाशिवाय, केवळ या पद्धतीने शस्त्रक्रिया केल्या. पुढच्याच वर्षी ईथरची भूल आली आणि ही पद्धत मागे पडली. १९५५ साली ब्रिटिश आणि १९५८ साली अमेरिकन वैद्यक संघटनेने संमोहनाला उपचारात स्थान आहे असे मान्य केले.

संमोहनात माणूस बेशुद्ध नसतो. त्याला ऐकू येते, तो हवे तेव्हा डोळे उघडू शकतो. लक्ष एका जागी गोळा झालेले असते, बाकीचा गलका मागे पडलेला असतो आणि मनाला पटणारी सूचना सहज रुजते. सर्वांना हे सारखे जमत नाही. रंगमंचावरचा जादूगार गर्दीतून चटकन प्रतिसाद देणारेच निवडून वर बोलावतो. त्याची निम्मी जादू त्या निवडीत असते.

वेदना कमी करणे, दाताच्या किंवा ऑपरेशनच्या वेळची भीती घालवणे, जुनाट पोटदुखीचा आतड्याचा एक विकार, यांत संमोहनाचा उपयोग होतो असा चांगला अनुभव आहे. परीक्षेची धडकी आणि निद्रानाश यांतही पुष्कळांना त्याची मदत होते. सिगारेट सोडण्यासाठी मात्र ते इतर उपायांपेक्षा सरस आहे, असे चाचण्यांतून सिद्ध झालेले नाही. आणि विसरलेली घटना संमोहनाने हमखास आठवते, हा तर घातक गैरसमज आहे. त्या अवस्थेत न घडलेली गोष्टही खरी वाटू लागते. चोर ओळखायला किंवा 'मागचा जन्म' पाहायला कोणी बसवत असेल तर उठून यावे.

आता दारूचा प्रश्न. भगिनींनो, लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती आपण वाचता : न सांगता, फोटोवरून, पतीची दारू सोडवू. शक्ती करणाऱ्याची असती तर हे शक्य होते. ती घेणाऱ्याची आहे, म्हणून ज्याला सोडायचीच नाही त्याच्यावर संमोहन चालत नाही. फोटोवर तर नाहीच नाही. ते पैसे मुलांच्या फीसाठी ठेवा. दुसरे, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम दारू बंद केली तर हातपाय कापतात, भ्रम होतो, फिट येऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगणसारखे व्यसनमुक्ती केंद्र काम करते आहे. उपचार, समुपदेशन आणि सुटलेल्यांची सोबत हा तिथला मार्ग आहे. त्याला स्वतःला सोडायची झाली, की मनाची घालमेल सावरायला स्वसंमोहन जोडीला घेता येईल. जोडीला, बदली म्हणून नव्हे.

स्वसंमोहन घरी करता येते, खर्च शून्य. भिंतीवरच्या एका ठिपक्यावर नजर लावून बसा. श्वास सोडताना खांदे, जबडा, हात सैल सोडा. डोळे जड झाले की मिटा आणि वीसपासून उलटे मोजा. मग एकच सूचना, आपल्या घरच्या बोलीत, छोटी : "पेपर हातात आला की माझा श्वास शांत होतो." 'मी घाबरणार नाही' असे म्हणू नये, त्यात भीतीच आठवते. पेपर हातात घेतल्याचे चित्र मनात पाहा. शेवटी एक ते पाच मोजून डोळे उघडा. दहा मिनिटे पुरेत, पण रोज. गाडी चालवताना कधीही नाही. ज्यांना भास होतात किंवा फिट येतात, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. एका खोलीत सहा माणसे राहतात तिथे शांतता कुठली, असे आपण म्हणाल. पहाटे नळाला पाणी येण्याआधीची दहा मिनिटे आम्हाला सर्वांत सोयीची वाटतात.

हे आणि आनापान एकच काय, असे काही उपासकांनी विचारले आहे. दोन्हींत लक्ष गोळा होते, एवढे साम्य खरे. पण आनापानात श्वास जसा आहे तसा फक्त पाहायचा असतो, त्याला काही सांगायचे नसते. संमोहनात सांगायचे असते. एक करणाऱ्याने दुसरे करू नये असे नाही. मात्र एकाच बैठकीत दोन्हींची सरमिसळ करू नये, असे आमचे मत आहे.

कोणा संमोहनतज्ज्ञाकडे जायचेच असेल तर आधी त्याची पदवी विचारा. तो मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर किंवा दंतवैद्य आहे ना, ते पाहा. चालू औषधे बंद करायला सांगणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. पहिल्या वेळी घरचे कोणी बरोबर न्या. त्याने हरकत घेतली तर तिथूनच परत फिरा.

वेळ संपत आली आहे. प्रश्न चिठ्ठीवर लिहून कार्यकर्त्यांकडे द्यावेत. नाव लिहिण्याची गरज नाही.