घर बांधण्याआधी जागेचे कागद पाहा

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गटांमधून एकच तक्रार वेगवेगळ्या तोंडांनी येते. बाईने बचत गटाचे कर्ज काढले, गळ्यातले मोडले, आणि सासऱ्याच्या नावच्या जागेवर दोन खोल्या उभ्या केल्या. पुढे नवरा गेला किंवा घरात बिनसले, की तिला सांगतात, "जागा आमची आहे." विटा-सिमेंटचे पैसे तिने दिले, पण कागदावर ती कुठेच नाही. माहेरच्या जागेवर खोली बांधणाऱ्या परित्यक्ता बहिणीचेही असेच होते.

१९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात गावेच्या गावे नव्या जागी वसली. घर पडले की कागदाला किती मोल येते, ते या भागाने पाहिले आहे. म्हणून पायाच्या आधी कागद.

पहिली गोष्ट. जागा कोणाच्या नावे आहे? शेतजमीन असेल तर सातबारा, गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि मालमत्ता पत्रक काढा. घरपट्टीची पावती तुमच्या हातात आहे म्हणून घर तुमचे होत नाही. पट्टी कोणीही भरू शकते.

दुसरी गोष्ट, वारसाची. आपल्याकडे वारसा कर नाही. मृत्यूनंतरचा इस्टेट ड्युटी नावाचा कर १९८५ सालीच रद्द झाला. वारसनोंदीला मुद्रांक शुल्कही लागत नाही. म्हणून "बहिणीचे नाव लावायला फार खर्च येतो" असे कोणी म्हटले तर विश्वास ठेवू नका. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्या बाहेर राहिल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट गेली. राहत्या घराची वाटणी मागायला मुलींना असलेली आडकाठीही त्याच वेळी गेली. वडील २००५ च्या आधी वारले असले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या उकरता येत नाहीत. मुस्लिम भगिनींचा वारसा त्यांच्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे ठरतो, तो हिशेब वेगळा आहे.

तिसरी गोष्ट, सरकारी खर्चाची. वडिलोपार्जित मालमत्तेतल्या हक्कसोड पत्राचे मुद्रांक शुल्क भावाबहिणींत २०० रुपये होते, ऑक्टोबर २०२४ पासून ते ५०० झाले. हक्क सोडणे इतके स्वस्त आहे, म्हणूनच राखीच्या दिवशी बहिणीपुढे कागद येतो. पण हाच कागद उलटही चालतो. भाऊ बहिणीच्या नावे हक्क सोडू शकतो, आणि शुल्क तेवढेच. कागद मात्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा. बाँडपेपरवर लिहून नोटरी केली म्हणजे नोंदणी झाली असे नाही.

बक्षीसपत्राने राहते घर किंवा शेती नवरा, बायको, मुलगा, मुलगी, नातवंडे आणि मृत मुलाची पत्नी यांना दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. या यादीत नवरा हयात असलेली सून नाही, हे लक्षात ठेवा. जागा सासऱ्याची स्वकष्टार्जित असेल तर सासऱ्याने मुलाला आणि मुलाने बायकोला, अशा दोन पायऱ्यांनी ती तिच्या नावे येऊ शकते. स्थानिक संस्थेचा अधिभार आणि नोंदणी शुल्क किती, हे आधी विचारून घ्या. जवळच्या नात्यातल्या अशा बक्षिसावर आयकर लागत नाही. घरखरेदीत स्त्रियांना मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत २०२१ पासून मिळते, पण ती विकत घेतलेल्या घरासाठी आहे. घरच्या जागेवर बांधताना तिचा उपयोग नाही.

शेतजमिनीत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव सहहिस्सेदार म्हणून लावता येते. त्याचे परिपत्रक १९९२ चे, लक्ष्मी मुक्ती म्हणून ओळखले जाते. गावातले घर पती-पत्नी दोघांच्या नावे नोंदवण्याचा निर्णय ग्रामविकास विभागाने २००३ मध्ये केला. ग्रामसभेत हे मागायला आपण उभे राहिले पाहिजे. घरकुल बाईच्या नावे मंजूर झाले तरी खालची जागा कोणाची, हे तपासा. शेतात बांधायचे असेल तर बिनशेतीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा तहसील कार्यालयात लेखी विचारा.

चौथी गोष्ट, वकिलाची. वकिलाची फी, टंकलेखकाचे पैसे आणि सरकारी शुल्क हे तीन वेगळे हिशेब आहेत. तिन्ही कागदावर लिहून घ्या. सरकारी शुल्काचे चलन असते. चलन नाही तर ते पैसे सरकारचे नव्हेत. विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयातील विधी सेवा कार्यालयात अर्ज करा. पोटगी, मालमत्तेचे वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत स्त्रियांना कोर्ट फी माफ करणारी अधिसूचना १ ऑक्टोबर १९९४ ची आहे. आपल्या दाव्याला ती लागू होते का, हे दावा लावण्याआधी वकिलाला विचारा.

भावाशी वाईटपणा येईल, सासरचे बोलतील, ही भीती खरी आहे. एकटीने तलाठ्याकडे जाणे अवघड असते. म्हणून पुढच्या महिन्यात प्रत्येक गटाने आपल्या गावातल्या पाच घरांचे उतारे काढावेत आणि त्यावर किती बायकांची नावे आहेत ते मोजावे. पुढच्या बैठकीला ते आकडे घेऊन या. मागणी काय करायची, ते आपण त्यावरून ठरवू.