गाडीच्या दुखण्याची वही

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या जागी पाककृती किंवा भरतकाम यांवर कोणीतरी बोलते. यंदा मला आमच्या गाडीविषयी बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मला हसूच आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि यंत्राशी संबंध शिवणयंत्रापुरता! पण जे घडले ते जसेच्या तसे सांगते.

आमच्याकडे मामंजींच्या वेळची, चार सिलिंडरची, कार्बुरेटर असलेली जुनी गाडी आहे. सासूबाईंना आठवड्यातून तीन दिवस डायलिसिससाठी न्यावे लागते. सकाळी साडेसहाला आम्ही निघतो. गेल्या श्रावणात वाटेतल्या चढावर गाडी गचके देऊ लागली. चारांपैकी एक सिलिंडर मधूनच पेट घेईना. मेकॅनिक याला ‘मिसिंग’ म्हणतात. एकदा तर गाडी चढावरच बंद पडली. सासूबाई हळूच म्हणाल्या, “एखादा दिवस नाही नेलंत तरी चालेल गं.” ते चालण्यासारखे नाही, हे आम्हां दोघींनाही ठाऊक होते.

दुपारी गॅरेजात नेली, की गाडी गुणी मुलासारखी चाले! मेकॅनिकने कार्बुरेटर साफ केला, प्लग बदलले. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, “इंजिन खोलावं लागेल.” खर्चाचा अंदाज ऐकून यजमान गाडी विकायला निघाले.

मूल आजारी पडले की डॉक्टर आधी विचारतात, ताप केव्हा चढतो? तोच प्रश्न मी गाडीला विचारला. दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, तीन आठवडे ९ फेऱ्यांची नोंद ठेवली. ५ वेळा मिसिंग झाले. पाचही वेळा सकाळी, आदल्या रात्री पाऊस झालेला असताना आणि चढावर. दुपारी परतताना एकदाही नाही.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात : पेट्रोल व हवा यांचे योग्य मिश्रण, सिलिंडरात पुरेसा दाब आणि वेळेवर ठिणगी. पिस्टन झिजले असते तर दाब रोजच कमी पडला असता. पिस्टनला पाऊस कसा कळणार? ओल बाधते ती ठिणगीच्या विजेला. बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये वाढून १५ ते २० हजार होतात आणि डिस्ट्रिब्यूटरमधून वायरींवाटे प्लगांपर्यंत जातात. वायरीच्या आवरणाला चीर पडली, की दमट हवेत वीज तेथूनच लोखंडाकडे पळते. चढावर सिलिंडरातला दाब वाढतो, ठिणगीला अधिक जोर लागतो, म्हणून खोड तेथेच दिसते.

एका रात्री आम्ही गाडी उघड्या अंगणात आणली. बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये, धूर विषारी असतो. कोठे पेट्रोल गळत नाही हे पाहिले. पदर खोचला, वेणी बांधली, कारण पुढे पंखा फिरत असतो. यजमानांनी हँडब्रेक ओढून, गिअर न टाकता इंजिन सुरू केले. दिवे मालवून मी इस्त्रीच्या फवाऱ्याने वायरींवर लांबूनच थोडे तुषार सोडले. तिसऱ्या सिलिंडरच्या वायरीपासून निळी रेघ टिकटिक करीत लोखंडावर उडू लागली आणि त्याच क्षणी इंजिन अडखळले! चालू इंजिनाच्या वायरींना मात्र कोणी हात लावू नका. झटका जबर बसतो.

दुसऱ्या दिवशी वही मेकॅनिकपुढे ठेवली. तो म्हणाला, “वहिनी, हे आधीच सांगायचं होतंत.” त्याचेही खरे होते. आम्ही त्याला ‘गाडी गचके देते’ एवढेच सांगितले होते. त्याने चारही वायरी बदलल्या, डिस्ट्रिब्यूटरचे झाकण तपासून पुसले. इंजिन खोलण्याच्या मानाने खर्च काहीच नव्हता.

नव्या गाड्यांत संगणक अशा बिघाडांची नोंद ठेवतो. जुन्या गाडीची वही घरच्यांनीच ठेवायची. इंजिन गार होते की तापलेले, हवा कोरडी की दमट, रस्ता सपाट की चढाचा, एवढे लिहिले तरी पुरे.

आता पावसातही चढ सुरळीत पार पडतो. पूर्वी सासूबाई पुढची सीट घट्ट धरून बसत. हल्ली त्यांना तेथेच डुलकी लागते.