अभ्यास आपला, मग वाचायचा कोणी?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



‘इंडियन असोसिएशन फॉर विमेन्स स्टडीज’ या संघटनेला २०२२ मध्ये चाळीस वर्षे पूर्ण झाली. प्राध्यापकांच्या संघटनेच्या वाढदिवसाशी वस्तीत काम करणाऱ्या बायकांचा काय संबंध, असे काहींना वाटेल. संबंध आहे, आणि जुना आहे.

१९७४ च्या ‘समानतेकडे’ या अहवालाने देशाला आरसा दाखवला. दर हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ स्त्रिया होत्या, १९७१ मध्ये उरल्या ९३०. बायकांचे जगणे नव्याने अभ्यासले पाहिजे, ही गरज त्यातून पुढे आली. १९८१ मध्ये मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठात पहिली राष्ट्रीय स्त्री-अभ्यास परिषद भरली. तिच्यातूनच १९८२ मध्ये ही संघटना उभी राहिली. वीणा मजुमदार, नीरा देसाई यांच्यासारख्या अभ्यासक स्त्रिया तिच्यामागे होत्या. संघटनेची दारे प्राध्यापकांपुरती नाहीत. कार्यकर्त्यांनाही सभासद होता येते.

पण परिषदेतली चर्चा टिकायची तर ती छापावी लागते. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ने १९८५ पासून स्त्री-अभ्यासाला खास पाने दिली. कृष्ण राज तेव्हा संपादक होते. संघटना वेगळी, नियतकालिक वेगळे. पण एकीकडे चर्चा घडे आणि दुसरीकडे ती छापून येई. याचे मोल मोठे आहे. ‘महिलांचे पान’ म्हणून पाककृतींशेजारी नव्हे, तर अर्थकारण-राजकारणाच्या लेखांशेजारी बाईची मजुरी, तिच्यावरची हिंसा, तिचा जमिनीवरचा हक्क यांना जागा मिळाली.

आपल्यातले वादही तिथे आले. शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये याच पानांतून विचारले, की स्त्री चळवळ ‘आपण साऱ्या बायका’ म्हणते, तेव्हा त्यात दलित स्त्री कुठे असते? प्रश्न महाराष्ट्राच्या चळवळीलाही थेट लागू होता. लेख मात्र इंग्रजीत होता.

मला बोलायचे आहे ते इथे. सल्ला केंद्रात काम करताना मी पाहते, की संशोधक येतात, प्रश्नावली काढतात. बायका कामाचा खाडा करून दोन-दोन तास बोलतात. पुढे लेख छापून येतो, पदवी मिळते. एकीने मला विचारले, “ताई, त्या पोरीने माझं काय लिहिलं?” तो लेख केंद्रापर्यंत आलाच नव्हता.

संशोधन नको, असे मी म्हणत नाही. तो अहवाल नसता, तर घटत्या आकड्यांवर आपण कोणत्या तोंडाने बोललो असतो? पण अभ्यास परत आला पाहिजे. मुलाखतीला होकार देतानाच विचारूया, “वाचून दाखवायला कधी येणार?” आपल्या बैठकीत दर तीन महिन्यांनी एक लेख मराठीत समजावून घेऊया. पटला नाही तर तसे लिहून कळवूया. आणि आपल्या नोंदवह्यांतून काय दिसते, ते बाईचे नाव उघड न करता आपणच मांडूया.

चाळीस वर्षांत विद्यापीठाच्या दारात स्त्रियांचा प्रश्न पोचला. आता त्याचे उत्तर वस्तीपर्यंत यायला हवे, आणि ते मागायचा हक्क आपला आहे.