बुद्धिमान यंत्रे आणि सरकारची पूर्वतयारी
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषणाचा मजकूर)





कृत्रिम बुद्धिमत्ता मानवजातीला तारील की बुडवील, या वादात मी शिरणार नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला आपणांपुढे एक लहान, पण अधिक निकडीचा प्रश्न ठेवावयाचा आहे. या यंत्रांपासून संभवणाऱ्या धोक्यांसाठी सरकारने कोणती तयारी ठेवावी, आणि ती करताना आपल्या मुलांच्या हातून घडणारे नवे काम गुदमरू नये म्हणून काय करावे?

धोका कोणता ते प्रथम पाहू. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तेथील बरीचशी कामे कागद-पेनाने करावी लागली. असला हल्ला करावयास आजवर मुरब्बी माणूस लागत असे. आता संगणकाची आज्ञावली लिहून देणारी यंत्रे आली आहेत. ती कच्च्या माणसालाही हात देऊ शकतात. घातक जंतू आणि विषारी रसायने यांविषयीही तज्ज्ञांना हीच भीती वाटते.

यावर चटकन सुचणारा उपाय म्हणजे परवाना. तोही आपल्याकडे करून झाला. १ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या माहिती-तंत्रज्ञान मंत्रालयाने कळविले की, पुरेशी चाचणी न झालेली ‘मॉडेले’ लोकांस खुली करण्यापूर्वी सरकारची स्पष्ट परवानगी घ्यावी. नव्या उद्योजकांत खळबळ उडाली. १५ मार्चला परवानगीची अट काढून टाकण्यात आली आणि यंत्राचे उत्तर चुकीचे असू शकते अशी सूचना ग्राहकास द्यावी, एवढ्यावर भागविण्यात आले. पंधरा दिवसांत या टोकाहून त्या टोकाला! माझ्या मते दोन्ही टोके चुकीची. परवान्याच्या अटीने मालेगाव-भिवंडीचा होतकरू मुलगा अडतो. बड्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. आणि नुसती चिठ्ठी चिकटवून धोका टळत नाही.

मधली वाट आपल्या देशाने एकदा शोधलेली आहे, तीही फार मोठी किंमत देऊन. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. भोवतालच्या वस्त्यांना त्याचे नाव ठाऊक नव्हते. इस्पितळात माणसे येऊन पडली तेव्हा उपचार कशावर करावयाचा, हे डॉक्टरांनाही नीट कळेना. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी गोष्टही लोकांना आधी कोणी सांगितली नव्हती. हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली. रसायनांचे कारखाने बंद करा, असे ती म्हणत नाही. धोका काय आहे ते कामगारांना, सरकारला व शेजारच्या लोकवस्तीला कळवा आणि आणीबाणीची योजना तयार ठेवा, असे ती म्हणते.

बुद्धिमान यंत्रांसाठी हाच धागा परदेशांत धरला जात आहे. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी २०२४ मध्ये एक कडक विधेयक परत पाठविले, परंतु २०२५ मध्ये दुसऱ्यावर सही केली. त्यानुसार सर्वांत शक्तिशाली यंत्रे बनविणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी आपली सुरक्षिततेची व्यवस्था जाहीर करावयाची, गंभीर घटना सरकारला कळवावयाच्या, आणि आतली गोष्ट उघड करणाऱ्या कर्मचाऱ्याला त्रास द्यावयाचा नाही. ब्रिटनने २०२३ मध्ये सरकारी संस्था काढली. तेथील तज्ज्ञ नवी यंत्रे स्वतः तपासतात. ती परवाना देत नाही, पण सरकारला स्वतःचे डोळे मिळतात. आपल्या केंद्र सरकारनेही जानेवारी २०२५ मध्ये अशा संस्थेची घोषणा केली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत तूर्त वेगळा कायदा नको, पण घटनांची नोंद ठेवावी, असे सुचविले आहे. दिशा मला पटते. मात्र नोंद कंपन्यांच्या मर्जीवर राहिली तर नोंदवही कोरीच राहील. मोठ्यांना ती सक्तीची हवी.

‘सुरक्षा’ हा शब्द ऐकला की आपल्या मोहल्ल्यातला माणूस जरा सावरून बसतो. का, ते मी सांगावयास नको. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात सुरक्षेच्या कारणास्तव सरकारी यंत्रणांना सूट देण्याची मुभा सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. तेव्हा तयारी म्हणजे यंत्राची तपासणी, नागरिकाची झडती नव्हे, हे आपण मागितले पाहिजे. आणि भावनेने नव्हे, कलमे वाचून मागितले पाहिजे.

विद्यार्थ्यांनो, ही यंत्रे तपासणारी माणसे आपल्या देशात फार हवी आहेत. त्या कामाला गणित आणि संगणकशास्त्र लागते, तसे रसायन, जीवशास्त्र व कायदाही लागतो. मराठी आणि उर्दूतून विचारलेल्या आडवळणी प्रश्नाला यंत्र कसे फसते, हे तर तुमच्याइतके परदेशी तज्ज्ञाला कळणार नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत या वर्षी असा एक गट सुरू करावा, अशी माझी चिटणीस साहेबांना विनंती आहे.

आणि पालकांनो, आखातातल्या मुलाच्या हुबेहूब आवाजात पैसे मागणारा फोन आला, तर तो ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरावर स्वतः फोन लावा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवा. तो आज घरी गेल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.