पढतमूर्ख म्हणजे नेमका कोण?

आजचा शब्द मला घरीच ऐकून घ्यावा लागला, म्हणून जरा जास्तच लागलाय.

झालं असं, आईने व्हॉट्सअॅपवर बँकेच्या नावाने आलेल्या लिंकवर क्लिक केलं. पैसे गेले नाहीत, पण मी ओरडलोच, "इतकं मूर्खासारखं कसं वागतेस?" पप्पा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "पढतमूर्ख आहेस तू."

आता आपल्या संभाजीनगरात दोस्त दोस्ताला दिवसातून दहा वेळा "येडा झाला का?" म्हणतो, कोणी मनावर घेत नाही. 'बावळट'मध्ये तर कधी कधी मायाही असते. पण बीटेक झालेल्याला 'पढतमूर्ख' बरोबर बोचतं. मला वाटलं, डिग्री आहे पण व्यवहार नाही, असं म्हणतायत. बरेच जण त्याच अर्थाने वापरतात: इंजिनिअर झाला, पण फ्यूज बदलता येत नाही.

मग दासबोध उघडला. समर्थ रामदास १६०८ साली जांबला जन्मले. जांब आज जालना जिल्ह्यात, म्हणजे आपल्या शेजारीच. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा आणि दहावा पढतमूर्खाच्या. (दोघं बोलत असताना मध्ये जाऊन बसणारा तिसराही मूर्खच. चहाच्या टपरीवर आम्ही सगळे गेलो कामातून!)

फ्यूजचा तिथे विषयच नाही. पढतमूर्ख भरपूर वाचलेला असतो, बोलतोही छान. पण जाणतेपणाच्या जोरावर सगळ्यांना नावं ठेवतो, राग आला की आवरत नाही, आणि बोलतो एक, करतो दुसरं. साध्या मूर्खाला कळतच नाही. याला कळत असतं. म्हणून हा शब्द त्या दिवशी आईला लावताच आला नसता, मला मात्र फिट बसला. वर साध्या मूर्खाच्या यादीत सुरुवातीलाच आईवडिलांना विरोध करणारा! म्हणजे माझं नाव दोन्हीकडे.

एक गोष्ट मात्र आवडली. पहिल्या समासाच्या शेवटी रामदास सांगतात, ही लक्षणं सोडून देण्यासाठी सांगितली. आणि श्रोत्यांची चक्क क्षमा मागतात. मी आईची मागितली नव्हती.

त्या रात्री मागितली. मग तिच्या फोनवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू करून दिलं आणि म्हणालो, "सगळीकडे एकच पासवर्ड ठेवू नकोस."

तिने विचारलं, "तुझे वेगळे आहेत का रे?"

नव्हते.